सहावा खांदा

बेरेंड वासिंक नव्या माणसाला नाव विचारायचा नाही. उंची विचारायचा. समोरचा गडबडून "एक मीटर ब्याऐंशी असेल" म्हणाला की हा मांडीवरच्या खिशातून पिवळी घडीची पट्टी काढायचा आणि म्हणायचा, "बुटासकट की बुटाशिवाय?" जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. लोकांच्या बोलण्यावर विश्वास नाही, विश्वास काय तो पट्टीवर.

परक्याला हा वेडेपणा वाटेल. आमच्या हाझनपाडवर राहणाऱ्याला वाटायचा नाही. आमच्या गल्लीत घरं सात. एका घरात मयत झालं की उरलेल्या सहा घरांतून एकेक माणूस येतो आणि सहा जण मिळून पेटी खांद्यावरून चर्चमागच्या दफनभूमीत नेतात. पैसे मोजून खांदेकरी आणायची रीत आमच्या वोल्टरलो गावात नाही. ती शहरात. त्यातही ज्याच्या-तुमच्यात कुंपण एक, तो तुमचा पहिला शेजारी. छप्पर उडालं की हाक त्याला मारायची, बाळ झालं की आधी त्याला सांगायचं, आणि तुम्ही गेलात की तुमचे डोळे मिटणार तो, दारोदार निरोप देणार तो, पेटीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला उभा राहणार तो. पोटचा मुलगा असला तरी त्याने मागून चालायचं.

सहा खांदे एका पातळीत लागतात, हा धडा बेरेंड शिकला सव्वीस वर्षांपूर्वी. त्याच्या कुंपणापलीकडच्या हर्मिनाचा नवरा गेला तेव्हा एक माणूस कमी पडत होता, म्हणून तिच्या बहिणीच्या ठेंगण्या नवऱ्याला उभं केलं. चर्चच्या वळणावर पेटी तिरकी झाली आणि आतून धप्प असा आवाज आला. म्हातारा आतल्या आत सरकला होता. आवाज सगळ्यांनी ऐकला. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलत नाहीत. पण बेरेंडच्या कानात तो धप्प कायमचा बसला. दुसऱ्याच दिवशी त्याने गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना आपल्या कोठाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खुणा केल्या. तेव्हापासून दर पाच वर्षांनी फेरमोजणी. "माणसं वाळतात," म्हणायचा, "लाकडासारखीच."

मी समोरच्या घरातली हान्ना. चाळीस वर्षं बेकरीच्या गल्ल्यामागे उभी होते, त्यामुळे माणूस पावाकडे कसा बघतो यावरून मला तो कळतो, आणि कळलेलं पोटात ठेवायची सवय मला नाही. माझा नवरा गेरहार्ड म्हणजे चौकटीवरची एक सत्त्याऐंशीची खूण.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी शरदात हर्मिना गेली. बेरेंडने तिचे डोळे मिटले, काळा कोट घालून दारोदार निरोप दिला आणि ऐंशीव्या वर्षी पुढचा उजवा कोपरा खांद्यावर घेतला. मूलबाळ नव्हतंच, तेव्हा घर गेलं उत्रेख्तच्या भाच्याकडे, लुडोल्फकडे. त्याने मावशीच्या कपाटातली चमच्यांची पेटी नेली—

थांबा, मावशी नव्हे, आत्या. माझं असंच होतं. आत्याच्या कपाटातली चमच्यांची पेटी नेली आणि घर विकायला काढलं. दलाल बाई आली, टोकदार बूट घालून. तिने घराचे फोटो असे काढले की आमच्याच गल्लीत राहायला जावं असं मला वाटायला लागलं. खाली लिहिलं होतं, "जिथे शांतता अजून जिवंत आहे." गेरहार्ड वाचून म्हणाला, "कुठेय म्हणे हे?"

त्याच संध्याकाळी बेरेंडने आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. कॉफी झाली, एकेक बिस्किट झालं, डब्याचं झाकण नेहमीप्रमाणे बंद झालं. मग तो उभा राहिला.

"मी एक्याऐंशीचा होतोय," तो म्हणाला. "माझी पोर न्यूझीलंडला. दर रविवारी फोनच्या पडद्यावर दिसते. पडद्यातून काही खांदा देता येत नाही. तुम्ही पाच घरं आहात. सहावा खांदा हर्मिनाच्या घरातून यायचा, आणि तोही पहिल्या शेजाऱ्याचा. त्या घरात जो येईल तो माझे डोळे मिटणार आहे. मला तो नीट निवडू दे."

"घर तुमचं आहे का निवडायला?" मी म्हटलं.

"डोळे माझे आहेत," तो म्हणाला.

तोन्नी, गल्लीच्या तोंडाशी राहणारा शेतकरी, एक एक्याण्णव, डोकं खाजवत म्हणाला, "शहरातली लोकं उंच असतात बुवा. दूध आमचंच पितात ना."

"आणि त्यांना काय पाहिजे असतं?" बेरेंडने विचारलं.

"शांतता," सगळे एकदम म्हणाले.

झालं. ठरलं. घर बघायचे दोन शनिवार होते. तोन्नीने शेतात शेणखत फवारायचं पुढे ढकललं. गेरहार्डने लाकडं कापायच्या करवतीला सुट्टी दिली. बँडमध्ये तुतारी फुंकणाऱ्या शेजाऱ्याला त्याच्या बायकोने दोन्ही दिवस सासुरवाडीला पाठवलं. आणि बेरेंडचा कोंबडा, जो पहाटे चारला सुरू व्हायचा आणि दुपारी कंटाळा आला म्हणून पुन्हा ओरडायचा, तो घोंगडीत गुंडाळून आमच्या तळघरात. आम्ही सगळ्या गल्लीने मिळून खोटं बोललो, तोंडातून एक शब्द न काढता. मीही त्यात होते. कोंबड्याला दाणे मीच टाकले.

पहिल्या शनिवारी जोडपी दर दहा मिनिटांनी एक अशी सोडत होते. दारात बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या, आत जायचं, 'वा वा' करायचं, बाहेर यायचं. आणि बाहेर कुंपणाला लागून, रिकाम्या ढकलगाडीवर हात ठेवून बेरेंड.

"आजोबा, बागेत ऊन कधी येतं हो?" एका बाईने विचारलं.

"सकाळी. तुमचे यजमान किती?"

"किती म्हणजे? ते एकच आहेत."

"उंच किती?"

बाईने यजमानांचा हात धरला आणि दोघं गाडीकडे निघाले. एकाला त्याने पाठ करून उभं राहायला सांगितलं. एकाच्या खांद्यावर खरोखर हात ठेवून दाबून बघितलं, बैल घेताना बघतात तसं. दलाल बाई तरातरा माझ्याकडे आली. "अहो, तो म्हातारा गिऱ्हाइकं पळवतोय!"

"पळवत नाही," मी म्हटलं. "निवडतोय."

दुसऱ्या शनिवारी रेनाउट आला. ॲम्स्टरडॅमचा, चाळिशीचा, तागाचा सदरा, बरोबर बारीकशी बायको. गाडीतून उतरला तो उतरतच राहिला. कुंपणापाशी येऊन त्याने डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "ऐक. काहीच ऐकू येत नाहीये."

आमच्या तळघरातून काहीतरी बारीक खुडबुड येत होती, पण ती रस्त्यापर्यंत पोचत नव्हती.

"किती?" बेरेंडने विचारलं.

"एक शहाऐंशी," रेनाउट म्हणाला. म्हातारा त्याला गोड वाटला असावा. "का हो?"

बेरेंड त्याला सरळ घरात घेऊन गेला. कॉफी दिली, बिस्किट दिलं, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, डबा पुन्हा उघडून दुसरं बिस्किट दिलं. चाळीस वर्षांत त्या डब्यातलं दुसरं बिस्किट मी पाहिलं नव्हतं. त्याच्या मुलीच्या लग्नातसुद्धा नाही.

आता मला विल्मकेबद्दल सांगायला हवं. विल्मके आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. वोल्टरलोचीच पोर, चौतीस वर्षांची, शाळेची बस चालवते. वडील लहानपणी गेले, आई पुन्हा लग्न करून लांब गेली. बेरेंडचं किराणा-औषध तीच आणायची, महिन्यातून एकदा त्याच्या पायांची नखं कापायची आणि कापताना त्याला शिव्या द्यायची. "काका, ही नखं आहेत की खुरं?" तो खूश असायचा. तिने दहा वर्षं पै-पै साठवली होती ती एवढ्यासाठीच, की याच गावात, याच गल्लीत आपलं एक दार असावं. हर्मिनाचं घर निघालं तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात एक गिरकी मारून गेली.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ती बेरेंडच्या कोठारात गेली. मी कोंबडा परत द्यायला मागोमाग गेले होते, म्हणून ऐकलं.

"काका, मीपण बोली लावलीय हां. बंद पाकिटात. कोणाला सांगू नका."

बेरेंडचा चेहरा आधी फुलला. मग पडला. "ये इकडे," म्हणाला आणि तिला चौकटीला उभं केलं. पट्टी उलगडली, डोक्यावर टेकवली, वाकून आकडा वाचला. "एक अठ्ठावन्न." मग म्हणाला, "बुटासकट."

"मग?"

"मग काय मग? खांदा कुठाय तुझा?"

"हा काय इथे! चाळीस पोरांची बस रोज हाकते मी."

"हाकतेस. खांद्यावर घेत नाहीस." त्याने पट्टी मिटली. "बाई आहेस म्हणून नाही म्हणत. मी काही जुनाट नाही. उंच असतीस तर आज हर्मिनाच्या घराची किल्ली मीच तुझ्या हातात दिली असती. पण तो धप्प मला माझ्या वेळेला नकोय गं."

विल्मके हसली. पुढच्या सोमवारी तिने त्याला पावशेर लोणी नेहमीसारखंच आणून दिलं, पण नखं कापायची वेळ आली तेव्हा म्हणाली, आज पाठ दुखतेय.

पाकिटं उघडली. वीस-बावीस बोल्या आल्या होत्या. सगळ्यात वर रेनाउटची, आणि तिच्या अगदी पाठोपाठ, आमचा कोणाचा विश्वास बसेना, विल्मकेची. पोरीने काय काय विकलं होतं देव जाणे. लुडोल्फ मनाने वाईट नाही. फरक एवढासा म्हटल्यावर तो स्वतः गाडी घेऊन बेरेंडकडे आला. आत्याचा पहिला शेजारी म्हणून, मान ठेवून. मीही जाऊन बसले होते. मला कोणी बोलावलं नव्हतं.

"आत्याला कोण आवडलं असतं?" त्याने विचारलं. "तुम्ही सांगाल तसं करतो. मला त्या पैशांनी काही होत नाही."

मी बेरेंडकडे बघितलं. बोल, मनात म्हटलं, बोल ना म्हाताऱ्या. तो टेबलावरची चादर सारखी करत होता.

"तो उंच," म्हणाला.

लुडोल्फ गेल्यावर मी जे तोंड सोडलं ते तोन्नीच्या गोठ्यात ऐकू गेलं. "डोक्यात भुसा भरलाय का तुमच्या? ती पोर तुमची खुरं साफ करते आणि तुम्ही पट्टीने माणूस मोजता? तिच्या दहा वर्षांच्या कमाईवर पाणी सोडलंत, ते कशासाठी? अठ्ठावीस सेंटीमीटरसाठी?"

"हान्ना, तुला सहा जण मिळतील," तो म्हणाला. "तुझ्या पहिल्या शेजाऱ्याची खूण चौकटीवर आहेच."

मी दार आपटून घरी आले. विल्मकेला निरोप मीच सांगितला. ती म्हणाली, "बरं." मग तिने आमची सगळी भांडी घासली, स्वच्छ असलेलीसुद्धा.

जूनमध्ये रेनाउट आला. आम्ही रीतीप्रमाणे आदल्या दिवशी त्याच्या दाराला सुरूच्या डहाळ्यांची कमान बांधली, कागदी गुलाब लावले. दोनशे गुलाब मी आणि विल्मकेने वळले. हो, विल्मकेनेही. कमान बघितल्यावर नव्या माणसाने सगळ्यांना आत बोलवायचं, प्यायला द्यायचं, आणि मग एखाद्या संध्याकाळी दारोदार जाऊन 'मला शेजार द्या' म्हणायचं. बस, एवढंच. न मागता शेजार मिळत नाही.

रेनाउटने कमानीचा फोटो काढला. फार भारावला होता. आम्ही कुंपणापाशी रांगेत उभे होतो, स्वच्छ कपडे घालून. त्याने सगळ्यांना हात केला, बायकोने दोन्ही हात छातीवर ठेवले, आणि दार लावून घेतलं. अर्धा तास उभे होतो आम्ही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या टपालपेटीत सुबक चिठ्ठी. कमान केवळ अप्रतिम, फक्त डहाळ्यांची पानं फार गळताहेत, तर ती कधी उतरवणार?

"लाजरा आहे," बेरेंड म्हणाला. "रुळेल."

रुळला तो असा की पंधरा दिवसांत बेरेंडला दुसरी चिठ्ठी. "आपला कोंबडा अतिशय प्रामाणिक आणि जिव्हाळ्याचा आहे. तथापि पहाटे चार ही वेळ त्याच्याशी बोलून बदलता येईल का?" बेरेंडने चिठ्ठी मला वाचायला दिली. मी तीनदा वाचली. मग करवतीबद्दल आली, गेरहार्डला. मग तुतारीबद्दल. मग तोन्नीने शेणखत फवारलं आणि नगरपालिकेचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. वासाचं यंत्र अजून निघालं नव्हतं.

रेनाउट काय करायचा माहितीये? शहरातल्या लोकांना झोप लागावी म्हणून फोनवर खेड्यातले आवाज विकायचा. पत्र्यावरचा पाऊस, कोकराचं बें, दूरचा कोंबडा. दूरचा हां. जवळचा त्याला चालत नव्हता. आणि त्याने स्वतःच्या भिंतीला घर गरम करायचं एक मोठं यंत्र लावलं होतं. ते बेरेंडच्या खिडकीखाली दिवसभर घूं घूं करायचं. त्याबद्दल बेरेंड कधी चकार शब्द बोलला नाही. "त्याची पाठ ताठ आहे," एवढंच म्हणायचा. "उभा राहील."

ऑक्टोबरात बेरेंडने कोंबडा कापला. कोणी सांगितलं नव्हतं. सूप विल्मकेने केलं, कारण त्याच्याने करवेना, आणि दोघांनी ते समोरासमोर बसून प्यायलं. तेव्हापासून ती पुन्हा त्याची नखं कापायला लागली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही तोन्नीच्या शेतात दुधाचे जुने कॅन उडवतो. आत कार्बाइड, थोडं पाणी, बत्ती लावायची, झाकण तीस मीटर. माझ्या आजोबांच्या आधीपासून चालत आलंय. रेनाउटने पोलीस बोलावले. पोलीस आला तो तोन्नीचा मेहुणा. त्याने तक्रार वहीत नीट लिहून घेतली, वही खिशात ठेवली आणि पुढचा कॅन स्वतः उडवला.

जानेवारीत बेरेंड मला म्हणाला, "हान्ना, माझ्याबरोबर चल. मला त्याला विचारायचंय. एकट्याने गेलो की जीभ जड होते." तो खोकत होता. कोट घातला होता, काळा, निरोपाचा. मी गुपचूप गेले.

रेनाउटने आत घेतलं, आल्याचा चहा दिला. बेरेंड खुर्चीच्या कडेला बसला आणि त्याने सगळं सांगितलं. सात घरं, सहा खांदे, पहिला शेजारी, डोळे मिटणं. मी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "तर माझी वेळ येईल तेव्हा तुम्ही उभे राहाल ना?"

रेनाउटचे डोळे पाणावले. खरंच पाणावले, खोटं कशाला सांगू? "किती सुंदर प्रथा आहे ही," तो म्हणाला. "जपली पाहिजे. पण याला व्यावसायिक लोक नसतात का?"

"असतात. शहरात."

"नाही, म्हणजे माझ्या पाठीचे दोन मणके सरकलेत हो. डॉक्टरने उचलायला बंदी केलीय. आणि मी महिन्यातले दहा दिवस बाहेर असतो. तारीख जरा आधी कळली तर काहीतरी जमवता येईल."

"तारीख," बेरेंड म्हणाला. "कळवतो."

बाहेर आल्यावर तो कुंपणापाशी थांबला. मला वाटलं खोकतोय. रडत होता. "उंची मोजली गं मी," म्हणाला. "पाठ नाही मोजली." माझ्या तोंडावर एवढं मोठं 'मी सांगत नव्हते?' आलं होतं. गिळलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी गिळली असेन. त्याचा हात धरून घरी आणलं.

फेब्रुवारीत त्याने अंथरूण धरलं. विल्मके सकाळची फेरी झाली की यायची, दुपारची फेरी झाली की यायची, मधल्या वेळात बस त्याच्या दारासमोर उभी. रेनाउटची चिठ्ठी आली, बसमुळे त्याच्या खिडकीतलं शेत दिसत नाही म्हणून. विल्मकेने चिठ्ठीची घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली.

एकदा मी सूप घेऊन गेले तर तो तिला म्हणत होता, "चुकलो पोरी. त्या घरात तू पाहिजे होतीस. माझ्यामुळे गेलं."

"मग आता काय करू? वाढू?" ती म्हणाली, आणि त्याची उशी धोपटली, गरजेपेक्षा जरा जोरात. "झोपा."

मग त्याने तिला खुणेने वाकायला सांगून कानात काहीतरी सांगितलं. ती हसली. मग खिडकीपाशी जाऊन नाक पुसत उभी राहिली. मी काय काय म्हणून विचारलं, दोघांनीही सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी, सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मध्ये, तो गेला. डोळे विल्मकेने मिटले. काळा कोट घरात एकच होता, तो तिने बाह्या दुमडून घातला आणि दारोदार गेली. आमच्या दारात उभी राहून जुन्या रीतीने म्हणाली, "शेजारी बेरेंड वासिंक गेले, तुम्हाला कळवायला सांगितलंय." रोज आमच्या टेबलावर जेवणारी पोर. ती रेनाउटच्या दारीही गेली आणि त्यालाही हेच, अक्षरन् अक्षर.

शनिवारी पेटी बेरेंडच्या अंगणात ठेवलेली. मुलगी न्यूझीलंडहून आली होती, रीतीप्रमाणे मागे उभी. अंत्यविधीवाल्या माणसाने विचारलं, "पाचच जण दिसताय. चाकांची गाडी आणलीय मी, काढू?"

"गाडीवर बटाटे नेतात," तोन्नी म्हणाला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून रेनाउट आला. काळा सूट, दाढी केलेली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की घूं घूं बंद आहे. त्याने यंत्र बंद करून ठेवलं होतं. "आज पाठ बरी आहे," तो हळूच म्हणाला. "मी उभा राहू का?"

तोन्नीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. एक शहाऐंशी, चौकटीवरच्या खुणांत चपखल. म्हाताऱ्याने मागितला होता तस्साच.

"जागा भरलीय," तोन्नी म्हणाला.

विल्मके पुढच्या उजव्या कोपऱ्याला जाऊन उभी होती, दुमडलेल्या बाह्यांच्या कोटात. रेनाउटचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची कीव आली, हे मी कबूल करते. मी त्याला म्हटलं, "माझ्याबरोबर मागून चला." तो आला.

सहाही जणांनी पेटी उचलली. पाच खांद्यांवर ती टेकली आणि सहाव्यावर टेकेना. विल्मकेचा खांदा वीतभर खाली. तिने दोन्ही हात वर करून आधार दिला, पण पुढचा कोपरा खाली कलायला लागला. गेरहार्डचा चेहरा पांढरा पडला. सव्वीस वर्षांपूर्वी तोही त्या वळणावर होता.

"थांबा," विल्मके म्हणाली. "काकांनी सांगून ठेवलंय. बाकीच्यांनी वाकायचं."

मग तोन्नी, एक एक्याण्णव, गुडघ्यांत वाकला. मग गेरहार्ड. मग उरलेले तिघं. पेटी खाली आली आणि विल्मकेच्या खांद्यावर नीट टेकली. तसेच ते निघाले, पाच धिप्पाड बाप्ये गुडघे मोडून, बदकांसारखे, आणि पुढे सरळ ताठ चालणारी एक अठ्ठावन्नची पोर. बघणाऱ्याला हसू आलं असतं. कोणी हसलं नाही. चारशे मीटर अंतर आहे ते. दोनदा थांबावं लागलं, पण उभं कोणी राहिलं नाही, वाकूनच थांबले.

चर्चचं वळण आलं तेव्हा सगळ्यांचे कान पेटीकडे लागले होते. माझे, बेरेंडच्या मुलीचे, आणि ज्याला त्या वळणाचं काहीच माहीत नव्हतं त्या रेनाउटचेसुद्धा. पाच जणांच्या पायांचे पंजे चिखलात घसटत वळले, विल्मके वळली.

आतून काही आवाज आला नाही.